डाव, काता आणि समोरचा माणूस

‘मार्शल आर्ट’ हा शब्द आपल्याकडे आला तो सिनेमाच्या पडद्यावरून. १९७३ साली ‘एंटर द ड्रॅगन’ निघाला आणि पुढच्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या गल्लीबोळांतून पांढरे डगले घालून हवेत लाथा झाडणारी पोरं दिसू लागली. त्याआधी आपल्याकडे काही नव्हतं का? होतं की! गावोगाव तालमी होत्या, लाठी होती, दांडपट्टा होता. पण त्यांना कुणी मार्शल आर्ट म्हणत नसे. ते आपलं घरचं होतं, आणि घरच्या गोष्टीला भारदस्त नाव द्यायचं सुचत नाही.

मी या दोन्ही बाजूंचा माणूस. बाराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत गावच्या तालमीत माती अंगाला लावली. कॉलेजसाठी पुण्यात आलो तेव्हा ज्युदो शिकलो. नोकरीनं मुंबईला नेलं, तिथं सात-आठ वर्षं कराटे केलं. मोठा खेळाडू मी यातल्या एकाही कलेत झालो नाही. जिल्ह्याच्या पलीकडे नाव गेलं नाही. पण तिन्ही ठिकाणी अंग घासून घेतलं आहे. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगनंतर, कुठेही एक प्रश्न हमखास येतो : ‘‘काय हो, यातलं भारी कुठलं?’’

‘सगळ्याच कला थोर आहेत’ असं म्हणून सुटता येतं. मला ते पटत नाही, कारण या प्रश्नाला उत्तर आहे. फक्त प्रश्न जरा सरकवून घ्यावा लागतो. एखाद्या कलेत डाव किती आहेत, ते किती भयंकर आहेत, याला फारसं महत्त्व नाही. तिथं रोज संध्याकाळी, पूर्ण जोरानं, करू न देणाऱ्या माणसावर काय करता येतं, ते बघावं. शरीर तेवढंच शिकतं.

आता हे मला कसं उमगलं ते सांगतो.

आमचं गाव कऱ्हाडच्या बाजूचं. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर तिथून जवळ, त्यामुळे १९५२च्या हेलसिंकीच्या ब्राँझपदकाची गोष्ट आम्ही भाकरीबरोबर खात वाढलो. तालीम म्हणजे एक कौलारू खोली. आत हौदा, भिंतीत मारुतीचा कोनाडा, कोपऱ्यात फावडी. पहाटे पाचला जायचं आणि आधी माती उकरायची. ही माती रानातून उचलून आणलेली नसते. चाळून घेतलेली तांबडी माती, त्यात ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालून मुरवलेली. उकरताना घाम फुटायचा, म्हणजे व्यायाम तिथंच सुरू झालेला असे. मग जोर, बैठका, सपाटे. आणि मग लढती.

आमचे वस्ताद बोलके नव्हते. डाव एकदा दाखवत, फार तर दोनदा, आणि लगेच जोड लावून देत. समोरचा पोरगा तुम्हाला तो डाव करू देत नसे, आणि सगळी विद्या या साध्या वाटणाऱ्या गोष्टीतच साठवलेली आहे. पट काढायला वाकलात की तो पाय मागं टाकणार आणि वरून सगळं वजन तुमच्या मानेवर सोडणार. धोबीपछाड मारायला वळलात की तो कमरेला मिठी घालून तुम्हालाच खाली घेणार. वस्ताद कडेला बसून म्हणायचे, ‘‘आरं, त्यो न्हाई म्हणतुया. इचार की त्येला, का न्हाई म्हणतुया!’’ तेव्हा आम्ही हसायचो. एक डाव अंगात मुरायला सहा-सहा महिने जात. पण मुरला की वजनात थोडंफार कमी-जास्त असलेल्या कुणावरही बसे, कारण तो नकार देणाऱ्यांवरच घोटलेला असे.

कुस्तीत पाठ टेकली की कारभार आटोपला. म्हणून पाठ लपवायची, पडायची वेळ आलीच तर हवेतल्या हवेत वळून पालथं व्हायचं. पालथा पडलेला पैलवान अजून हरलेला नसतो. सहा वर्षांत हे माझ्या अंगात इतकं भिनलं की झोपेत कुणी ढकललं असतं तरी मी पोटावरच पडलो असतो.

हे अंग घेऊन मी पुण्यात ज्युदोच्या वर्गात गेलो. पहिले तीन आठवडे तिथं कुणी कुणाला फेकलंच नाही. नुसतं पडायचं. मागे पडायचं, डावीकडे पडायचं, उजवीकडे पडायचं, कोलांटी घेऊन पडायचं. या पडण्याला जपानी भाषेत ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोकं मागं आपटत नाही. आणि अंग गादीला टेकायच्या क्षणी तळव्यापासून कोपरापर्यंतचा अख्खा हात जोरात गादीवर आपटायचा, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. बाकीची मुलं कोरी पाटी होती, ती चटकन शिकली. मी मात्र दर वेळी हवेत वळून पालथा व्हायचो आणि हात खाली रोवायचो.

सर ओरडायचे, ‘‘अरे पैलवान, हात मोडून घेशील!’’ आणि त्यांचं खरं होतं. मऊ उकरलेल्या मातीत रोवलेला हात मातीत जातो. गादीवर रोवलेला हात कुठंच जात नाही, मग मनगट, कोपर नाही तर गळ्याजवळचं हाड जातं. माझ्या वस्तादांनी शिकवलेलं मातीत बरोबर होतं आणि सर शिकवत होते ते गादीवर बरोबर होतं. जमीन बदलली की पडणं बदलतं, हे मला पुस्तकात वाचून कधी कळलं नसतं. जुनं पडणं अंगातून जायला वर्ष लागलं.

दुसरा घोळ कपड्यांचा. कुस्तीत लांग सोडली तर अंगावर काही नाही. घामानं हात सटकतात, म्हणून माती लावून पकड घ्यायची. ज्युदोत जाड सुती डगला असतो आणि पकड त्या डगल्याची. कॉलर आणि बाही हातात आली की समोरच्याला अर्धं जिंकलं. मानगूट धरून खडाखडी करण्याची माझी सवय तिथं निरुपयोगी ठरली. बोटांत जोर लागतो हे मला विसाव्या वर्षी कळलं. गंमत अशी, की डाव मात्र ओळखीचे निघाले. ‘सेओईनागे’ म्हणून जो खांद्यावरून फेकायचा डाव शिकवला, तो आमचा धोबीपछाडच. ‘काता-गुरुमा’ म्हणजे समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलून पलीकडे टाकायचं. आमच्याकडे त्याला कलाजंग म्हणतात. माणसाला दोन हात आणि दोन पाय असल्यावर त्याला पाडायच्या युक्त्या जगभर सारख्याच निघणार, दुसरं काय!

पण ज्युदोची खरी गोष्ट डावांची नाही. ती जिगोरो कानो नावाच्या एका शाळामास्तरी वृत्तीच्या माणसाची आहे. १८६०चा जन्म, अंगापिंडानं किरकोळ. विद्यापीठात शिकत असताना तो जुजुत्सू शिकायला गेला. सामुराईंचे दिवस संपलेले, जुन्या विद्येला किंमत उरली नव्हती. एका गुरूकडे पकडी, गळे आवळणं, सांधे पिळणं शिकला. दुसऱ्या परंपरेच्या गुरूकडे फेकण्याची कला शिकला. म्हणजे हाही वेगवेगळ्या तालमी पालथ्या घातलेला माणूस. एका धिप्पाड सोबत्याला काही केल्या पाडता येईना, तेव्हा त्यानं परदेशी कुस्तीची माहिती वाचून काढली आणि त्यातून तो खांद्यावर उचलण्याचा डाव घेतला. १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांच्या खोलीत त्यानं आपला वर्ग काढला. तेच कोदोकान.

कानोनं काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. जुन्या विद्येत बोटं मोडणं होतं, मर्मावर मारणं होतं, मनगट-गुडघा पिळून टाकणं होतं. हे सगळं त्यानं खुल्या सरावातून काढून टाकलं आणि ‘काता’त, म्हणजे ठरावीक क्रमानं करायच्या आखीव हालचालींत, ठेवलं. जे उरलं त्यावर मात्र मोकळी परवानगी : पूर्ण जोर लावा, फेका, धरून ठेवा, समोरच्यानं हवा तेवढा विरोध करावा. या खुल्या सरावाला ‘रांदोरी’ म्हणतात. वरवर पाहता त्यानं कला बोथट केली. प्रत्यक्षात झालं उलटंच. ज्याच्याकडे डोळा फोडायचा डाव असतो तो आयुष्यात एकदाही तो डाव खराखुरा करून बघू शकत नाही. रोज नव्या जोडीदाराचे डोळे कुठून आणायचे? खांद्यावरून फेकण्याचा डाव मात्र वर्षात हजार वेळा, न पडू इच्छिणाऱ्या माणसावर करून बघता येतो. आमच्या वस्तादांनी कानोचं नाव ऐकलेलं नव्हतं; पण तालमीत शेकडो वर्षं चाललेलं होतं ते हेच.

याची दुसरी बाजूही आहे. ज्याला परवानगी नाही ते शरीर विसरतं. ज्युदोत खाली वाकून पाय धरणं पूर्वी चालायचं. माझ्यासारखे कुस्तीतून आलेले लोक त्यावरच जगायचे. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघानं २०१० साली थेट पाय धरण्यावर बंदी घातली आणि २०१३ साली उभ्या लढतीत कमरेखाली हात लावणंच बंद केलं. ज्युदो कुस्तीसारखं दिसू लागलंय, असा आक्षेप होता. हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम असा, की कानोनं स्वतः शोधलेला तो खांद्यावरचा डाव त्याच्या मूळ रूपात आता स्पर्धेत करता येत नाही, आणि नव्या पिढीचे ज्युदोपटू ताठ उभे राहतात, कारण पायाला धोकाच उरलेला नाही. कुठल्याही तालमीच्या पैलवानापुढे ते तसे उभे राहिले तर पहिल्या दहा सेकंदांत पट निघेल. उलट पैलवानाला डगला घालायला लावा, तोही तेवढ्याच वेळात हवेत जाईल.

माती, गादी आणि डगला यांची ही गाठ एकदा फार मोठ्या ठिकाणी पडली होती. खाशाबा १९४८ला लंडनला सहावे आले, ते मातीवरून थेट गादीवर गेले होते. हेलसिंकीला त्यांना हरवून सुवर्णपदक नेणारा जपानचा शोहाची इशी हा मूळचा ज्युदोचा माणूस. महायुद्धानंतर दोस्तांच्या ताब्यातल्या जपानमध्ये ज्युदोवर निर्बंध आले, म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. म्हणजे आपल्या मातीतला पैलवान आणि कोदोकानच्या परंपरेतला खेळाडू एका तिसऱ्याच जमिनीवर, तिसऱ्याच नियमांनी लढले. आजही महाराष्ट्र केसरीत माती विभाग आणि गादी विभाग वेगळे असतात, त्याचं कारण पाहणाऱ्याला कळत नाही. लढणाऱ्याच्या पायांना कळतं.

आता कराटे. इथं मला जपून बोललं पाहिजे, कारण कराटेवाले मित्र अजून आहेत आणि त्यांचे ठोसे चांगले आहेत.

मुंबईत एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी वर्ग भरायचा. ओळीत उभं राहायचं, मोजणी जपानीत, ‘इच्, नी, सान्, शी’, आणि प्रत्येक आकड्याला एक ठोसा. पहिल्या दिवशी मोजले तर पाचशेच्या वर गेले. मग काता. समोर कुणी नसताना आठ दिशांनी येणाऱ्या काल्पनिक शत्रूंशी लढायचं. तालमीतून आलेल्या माणसाला हे नाटक वाटतं. मलाही सुरुवातीला वाटलं. पण वर्षभरात लक्षात आलं की हे नाटक शरीराला काहीतरी वेगळं देतंय. ठोसा हातानं मारायचा नसतो, टाचेतून निघून कमरेतून वळून तो हातात येतो, ही गोष्ट कातानंच शिकवली. श्वास कुठं सोडायचा, नजर कुठं ठेवायची, थांबल्यावर कसं स्थिर राहायचं, हेही. कुस्तीत मी कधी स्थिर नव्हतोच.

कराटे मूळ ओकिनावा बेटाचं. गिचिन फुनाकोशी हे तिथले शाळाशिक्षक १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक दाखवायला आले आणि तिथंच राहिले. त्यांना कोदोकानमध्ये बोलावून प्रात्यक्षिक करायला लावणारा माणूस कोण, तर कानोच. पांढरा डगला आणि काळा पट्टा या कराटेच्या खुणा म्हणून आपण ज्या ओळखतो, त्या ज्युदोकडून आलेल्या आहेत. पट्ट्याचं प्रस्थ आता इतकं वाढलंय, की काही वर्गांत दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी आणि दर फीला नवा रंग. असो.

माझी खरी अडचण कुमितेला, म्हणजे जोडीच्या लढतीला, आली. आमच्या वर्गात ठोसा अंगाला लागायच्या आत थांबवायचा असे. नियम समजण्यासारखा आहे. उघड्या मुठीनं रोज तोंडावर मारून घेतलं तर महिन्याभरात वर्ग रिकामा होईल. पण माझं अंग हा नियम ऐकेना. समोरचा ठोसा घेऊन आत आला की माझे हात आपोआप त्याच्या कमरेला जायचे. पंच म्हणायचे, ‘‘ठोशाचा गुण त्याला.’’ मी म्हणायचो, ‘‘पण तो खाली पडलाय.’’ त्यावर हशा व्हायचा. दोघांचंही बरोबर होतं. तो ठोसा खरा लागला असता तर मी कमरेपर्यंत पोचलो असतो का, हे ना त्याला माहीत होतं ना मला. ठोसा थांबवण्याच्या सरावाचं नुकसान हेच, की उत्तर कधी मिळतच नाही.

क्योकुशिन नावाच्या शाखेनं यावर वेगळा तोडगा काढला. तिथं छाती-पोटावर खराखुरा ठोसा मारायचा, लाथ डोक्यावरही चालते, फक्त हातानं तोंडावर मारायचं नाही. मी दोन-तीनदा तिथल्या सरावाला गेलो. बरगड्या आठवडाभर बोलत होत्या. कणखर लोक. पण त्यांचेही हात चेहऱ्यापासून खाली येतात, कारण तिथं ठोसा येणार नाही हे शरीराला ठाऊक झालेलं असतं. प्रत्येक कलेच्या भिंतीत एक खिडकी उघडी राहतेच, आणि ती नेमकी नियमाच्या जागी असते.

आपल्या मर्दानी खेळाचीही थोडी अशीच गत झाली, असं मला वाटतं. कोल्हापुरात चार-सहा महिने लाठी फिरवली आणि दांडपट्टा हातात घेतला. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत येणारा लोखंडी हातमोजाच. मनगट आत बंद होतं, त्यामुळे वार मनगटानं करता येत नाही, खांदा आणि कंबर फिरवावी लागते. सुंदर विद्या आहे. पण राज्य गेलं, १८७८च्या कायद्यानं हत्यारांवर परवान्याचं बंधन आलं, आणि समोर पट्टा घेतलेला माणूस उरला नाही. उरलं ते मिरवणुकीतलं प्रात्यक्षिक आणि लिंबू कापणं. ज्यांनी ते जिवंत ठेवलं त्यांचे उपकार मोठे आहेत. तरी लिंबू नकार देत नाही, एवढं म्हणावंच लागतं.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग मुलांना सरळ खुल्या लढतीत सोडावं. इथं एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. जपानमध्ये, ज्युदोच्या माहेरात, १९८३ पासूनच्या सुमारे तीस वर्षांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलांचे जीव गेले. बरीचशी मुलं नवखी, वर्ष-दोन वर्षांची. बहुतेक मृत्यू डोक्याच्या इजेनं. ‘ओसोतोगारी’ नावाचा डाव, ज्यात समोरच्याचा पाय मागून उडवून त्याला सरळ मागं पाडतात, तो यात वारंवार दिसतो, कारण त्यात डोकं मागं आपटतं. हे आकडे एका संशोधकानं जुळवून मांडले आणि २०१२ साली जपाननं शाळांत युद्धकला सक्तीच्या केल्या तेव्हा त्यावर मोठी चर्चा झाली. २०२२ साली तिथल्या ज्युदो महासंघानं प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. लहान मुलांना जिंकण्यासाठी पिळून काढलं जातंय, असं त्यांनी सांगितलं.

कानोचे नियम तेच, डाव तेच, आणि तरी मुलं गेली. पडायला शिकायच्या आधी फेकलं, दमलेल्या मुलाला पुन्हा उभं केलं, डोकं दुखतंय म्हणणाऱ्याला ‘नाटक करू नको’ म्हटलं. नकार देणारा जोडीदार हवा. पण थांबण्याचा नकार ऐकणारा शिक्षकही हवा. माझे ज्युदोचे सर डोकं आपटलेल्या मुलाला त्या दिवशी गादीवर परत येऊ देत नसत, कितीही गयावया केली तरी. तेव्हा आम्हाला ते घाबरट वाटायचे.

स्वसंरक्षणाच्या शिबिरांबद्दल लोक विचारतात, म्हणून त्याबद्दलही बोलतो. माझी पुतणी कॉलेजात असताना पाच दिवसांचं शिबिर करून आली आणि मोठ्या उत्साहानं म्हणाली, ‘‘काका, माझं मनगट धरा.’’ मी धरलं. तिनं झटका दिला, हात सुटला. मग मी म्हटलं, ‘‘आता मी तालमीत धरतो तसं धरू का?’’ आणि धरलं. तिनं तीन-चारदा प्रयत्न केला, सुटेना. तिचा चेहरा उतरला. तिला ते तसंच सोडून जाणं मला बरं वाटलं नाही. त्या सुट्टीत ती रोज अर्धा तास यायची. पकडीत अंगठ्याची बाजू कच्ची असते, सुटायचं ते तिकडूनच, एवढं तिला शिबिरात बरोबर सांगितलं होतं. पण नुसत्या हातानं ओढून ते होत नाही. आधी पाय टाकून अख्खं अंग वळवावं लागतं, आणि समोरचा ओढतो त्याच दिशेला अर्धं पाऊल जावं लागतं. महिन्याभरानं दहातून पाच वेळा ती माझ्या पकडीतून सुटू लागली. उरलेल्या पाच वेळा सुटत नव्हती. हे दोन्ही आकडे तिला ठाऊक असणं मला महत्त्वाचं वाटतं.

याचा अर्थ शिबिरं फुकट आहेत असा नाही. ओरडायचं कसं, अंतर कसं राखायचं, पळायचं कुठं, घरच्यांना काय सांगायचं, हे पाच दिवसांत शिकता येतं आणि ते फार उपयोगाचं आहे. पाच दिवसांत येत नाही ती झटापट. तिला तालमीइतकाच वेळ लागतो, आणि ज्या शिबिरात ‘आता तुम्हाला कुणी हात लावू शकणार नाही’ असं सांगून दाखला देतात, तिथं मुलींच्या हाती एक धोका दिला जातो.

वयाचाही एक मुद्दा आहे. आता साठी उलटली. कुस्तीची लढत पस्तिशीनंतर झेपली नाही. मान आणि गुडघे यांनी तसं कळवलं. ज्युदोचं फेकणं पंचेचाळिशीत सोडलं. आज रोज सकाळी गच्चीवर जे करतो ते काता. समोर कुणी नाही, म्हणून कुणी नकार देत नाही, म्हणून त्यातून लढणं येत नाही, हे सगळं मला मान्य आहे. तरी या वयात तेच एक उरलंय जे एकट्याला, पंधरा मिनिटांत, काही न मोडता करता येतं. आणि उकेमी अंगात आहेच. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात जिन्याच्या ओल्या फरशीवर पाय सटकला. हनुवटी छातीला गेली, हात आपटला, मी कुशीवर पडलो. हाताला चार दिवस ठणका होता, बाकी काही नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले, ‘‘या वयाचे लोक असे पडले की खुब्याचं हाड घेऊन येतात.’’

गेल्या वर्षी मुलीनं विचारलं, ‘‘बाबा, सईला कुठल्या क्लासला घालू?’’ नात आठ वर्षांची. आम्ही तिघं मिळून आमच्या भागातले चार वर्ग पाहून आलो. पहिल्या ठिकाणी साठ मुलं ओळीत उभी होती, तासाभरात एकाही मुलाला जोडीदार मिळाला नाही. दुसऱ्या ठिकाणी भिंतीवर करंडकच करंडक होते, आणि एक मुलगा रडत होता तर त्याला ‘रडतोस काय’ म्हणून परत उभं केलं. तिसरा वर्ग चांगला होता, पण दूर. चौथ्या ठिकाणी एका जुन्या शाळेच्या खोलीत गादी टाकलेली. बाई शिकवत होत्या. दहा-बारा मुलं, त्यांतल्या दोन मोठ्या मुली एकमेकींची कॉलर धरून घामाघूम झाल्या होत्या, कुणी कुणाला काही करू देत नव्हतं. लहानांची रांग कडेला नुसती पडत होती. मी बाईंना विचारलं, ‘‘फेकायला कधी सुरुवात करता?’’ त्या म्हणाल्या, ‘‘ते मुलावर आहे. पडायला आलं की.’’ पट्ट्यांच्या परीक्षेचं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘वर्षातून एकदा. जमली तर.’’

सई तिथं जाते. पाच महिने झाले. अजून तिला कुणी फेकलेलं नाही, त्यामुळे ती आमच्यावर जरा नाराजच आहे. परवा घरी सोफ्यावरून मुद्दाम मागं पडून दाखवलं. आजीच्या हातातला चहा सांडला.